साडेएकोणतीस सेंटिमीटरचा दोरा

"सर, प्रवास एकूण किती तासांचा आहे? तिकिटावरचे नकोत, खरे तास सांगा," डॉक्टर म्हणाले.

सौ.ला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, त्यांच्यातलं अंतर, मधलं खाणं, सगळं घड्याळावर चालतं. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि ऑक्टोबर 2023 मध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे निघालो होतो. तिकीट होतं मुंबई ते न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतच्या थेट विमानाचं. सुटायची वेळ पहाटे 2:00, पोहोचायची वेळ त्याच दिवशी सकाळी 8:25. शेजारच्या काकूंनी तिकीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जाण्याइतकाच वेळ की!"

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रेखावृत्तं, प्रमाणवेळ, वाररेषा हे सगळं खडूनं फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याला हिशेब नाही. पण त्या ज्ञानावर घरच्या माणसाच्या गोळीची वेळ ठरायची होती, असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. डॉक्टरांना म्हटलं, दोन दिवस द्या, नीट काढून आणतो.

वेळेचा भाग सोपा होता. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रीनिचच्या पाच तास मागे असतं, पण उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा चारच तास मागे. त्या वर्षी घड्याळं परत मागे घेण्याचा दिवस होता 5 नोव्हेंबर. आम्ही दसऱ्यानंतर लगेच, 26 ऑक्टोबरच्या रात्री निघणार होतो, म्हणून फरक साडेनऊ तासांचा. सकाळचे 8:25 म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे 5:55. पहाटे दोनपासून मोजलं तर 15 तास 55 मिनिटं. डॉक्टरांना हवा होता तो आकडा एवढाच. तो कागदावर लिहिला, पण माझं समाधान होईना. पंधरा तास पंचावन्न मिनिटंच का? बारा का नाहीत, अठरा का नाहीत? अंतर किती, वेग किती, वाटेत काय? शाळेत असताना मुलांना मी "पुढचा धडा" म्हणून थांबवायचो, त्या जागी आता मीच उभा होतो.

निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी दिलेला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल माझ्या टेबलावर असतो. सौ.च्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर बोटानं दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तेच बृहद्‌वृत्त. दोरा सौराष्ट्रावरून सिंधमध्ये शिरला, कंदाहारजवळून तुर्कमेनिस्तानात गेला, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा ओलांडून मॉस्कोच्या किंचित उत्तरेकडून फिनलंडला पोहोचला. पुढे आइसलँड आणि फेरो बेटांच्या मधून साधारण 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढला, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून लॅब्राडॉरवर उतरला आणि मेन राज्यातून न्यूयॉर्कला आला. अमेरिका आपल्या पश्चिमेला, पण मुंबईहून निघालेल्या दोऱ्याचं तोंड मात्र जवळजवळ उत्तरेला! सौ. स्वयंपाकघरातून बघायला आली आणि म्हणाली, "अहो, हा दोरा रशियाला कशाला गेला?"

तिचं बोट धरून भिंतीवरच्या नकाशावर नेलं. तो मर्केटर प्रक्षेपणाचा. पट्टी ठेवून त्यावर मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेघ मारली तर ती सौदी अरेबिया, इजिप्तमधलं लक्सर, अल्जीरिया, मोरोक्कोतलं माराकेश अशी जाते आणि मग अख्खा अटलांटिक ओलांडते. ती जागोजागची ठिकाणं गोलावर खुणा करून दोऱ्यानं जोडली, तर दोरा भरला साडेतेहतीस सेंटिमीटर. ताणलेला दोरा मात्र साडेएकोणतीस सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरच्या गोलाचा परीघ साधारण 94 सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीचा सुमारे 40,000 किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला 425 किलोमीटर. नकाशावरची सरळ रेघ 14,200 किलोमीटरची निघाली आणि रशियावरून वळसा घेतल्यासारखा दिसणारा रस्ता 12,530 किलोमीटरचा. मर्केटरनं 1569 साली तो नकाशा जहाजं हाकणाऱ्यांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्याला तो अचूक उपयोगी आहे. अंतर मोजायला तो केलेलाच नव्हता. वर्गात हे वाक्य मी दरवर्षी सांगितलं, पण दोन दोरे शेजारी ठेवून कधी दाखवलं नाही. ते राहून गेलं, याची खंत आहे.

खात्री म्हणून गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्रानंही काढलं. मुंबई 19.09 अंश उत्तर, 72.87 अंश पूर्व. केनेडी विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. दोघांतला कोन पृथ्वीच्या केंद्रापाशी 112.7 अंशांचा येतो. एका अंशाला 111.2 किलोमीटर. उत्तर तेच, सुमारे साडेबारा हजार. दोरा आणि सूत्र इतकं जुळल्यावर मला त्या दिवशी जेवणही जास्त गेलं.

आता वेग. एवढ्या लांबच्या पल्ल्याची मोठी विमानं हवेत ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जातात. 12,530 भागिले 900 म्हणजे चौदा तासांना थोडे कमी. तिकिटावर जवळजवळ सोळा. मग वरचे दोन तास कुठे गेले?

काही वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात जातो. तो अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त नसावा. दुसरं कारण, ताणलेल्या दोऱ्यावरून विमान जात नाही. 24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे, आणि त्याच्या आजूबाजूची वाटही बदलली. मुलीनं फोनवर आदल्या आठवड्यातल्या उड्डाणांचा मार्ग पाहून सांगितला: पाकिस्तान, इराण, तुर्कस्तानची कड, काळा समुद्र, रुमानिया, युरोप ओलांडून स्कॉटलंड, अटलांटिक, न्यूफाउंडलँड आणि खाली न्यूयॉर्क. ती ठिकाणं टाचण्यांऐवजी तांदळाचे दाणे चिकटवून गोलावर लावली आणि त्यांच्यावरून दोरा नेला. तीस सेंटिमीटरच्या किंचित वर, 12,800 किलोमीटर. सहा मिलिमीटरचा फरक. एवढा मोठा वळसा दिसतो आणि भर पडते जेमतेम तीनशे किलोमीटरची, म्हणजे वीस मिनिटांची. याचं मला फार आश्चर्य वाटलं.

जाता जाता एक सांगतो. तिकीट काढून देणाऱ्यानं "दुबईमार्गे फार लांब पडतं" असं सांगितलं होतं. तेही मोजलं. मुंबई-दुबई 1,930 आणि दुबई-न्यूयॉर्क 11,000, मिळून तेरा हजारांच्या आत. दुबईमार्गे अंतर लांब पडत नाही, मधलं थांबणं लांब पडतं. आम्ही थेट विमान घेतलं ते सौ.च्या गुडघ्यांसाठी.

उरला वारा. इथे मला माझा एक विद्यार्थी आठवला. कृष्णाकाठच्या गावातून सायकलनं यायचा. सातवीत त्यानं विचारलं होतं, "सर, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका खाली येईल की!" मी त्याला सांगितलं होतं की हवाही पृथ्वीबरोबर फिरते, म्हणून विमान जागच्या जागीच राहील. ते खरं आहे, पण अर्धं. मुंबईची जमीन परिवलनामुळे ताशी सुमारे 1,580 किलोमीटरनं पूर्वेकडे जाते, न्यूयॉर्कची 1,270 नं, आणि 65 अक्षांशावरची सातशेच्या आसपास. विषुववृत्ताकडची हवा उंचावरून ध्रुवाकडे निघाली की तिच्यात पूर्वेकडे जाण्याचा तो जादा वेग शिल्लक असतो. खालची जमीन हळू, वरची हवा जलद. म्हणून मध्य अक्षांशांत, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या हवेच्या नद्या तयार होतात. तेच जेट प्रवाह. हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढतो, तसे ते जोरात वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढेही. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नात तथ्य होतं. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानावर परिणाम होतो, फक्त तो वाऱ्यामार्फत होतो आणि त्यानं सुचवलं त्याच्या बरोबर उलटा: पश्चिमेला जाताना वेळ जास्त लागतो. त्याला शोधून काढायचं आणि हे सांगायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

डॉक्टरांना कागद दिला. त्यांनी गोळ्यांच्या वेळा भारतीय वेळेनुसारच लिहून दिल्या आणि तिथे पोहोचल्यावर टप्प्याटप्प्यानं कशा सरकवायच्या तेही लिहिलं. सौ.नं डाव्या मनगटावर नेहमीचं घड्याळ ठेवलं आणि उजव्या मनगटावर माझं जुनं किल्लीचं बांधलं. "याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हे साताऱ्याचं."

26 तारखेला दुपारी अडीचला घरून निघालो. द्रुतगती मार्ग, घाट, पनवेल, मग शहरातली गर्दी. रात्री साडेनऊला सहारच्या विमानतळावर. पुढचे साडेचार तास रांगा आणि बसणं.

विमान धावपट्टीवरून उचललं गेलं तेव्हा साताऱ्याच्या घड्याळात दोन वीस झाले होते. समोरच्या पडद्यावर नकाशा, उंची, बाहेरचं तापमान आणि जमिनीच्या हिशेबानं वेग असे आकडे येत होते. मी वही काढली आणि दर तासाला नोंद करायची ठरवली. पहिली नोंद: उंची 30,000 फूट, वेग 851. विमान लगेच वरच्या उंचीवर का जात नाही, हे मला ठाऊक होतं, पण घडताना पाहणं वेगळं. इतक्या लांबच्या प्रवासाला निघताना विमानाच्या वजनात इंधनाचा वाटा फार मोठा असतो. बोईंग 777-300ईआर जातीच्या विमानाच्या टाक्यांत 1,81,000 लिटर इंधन मावतं. एवढं ओझं घेऊन विरळ हवेत चढता येत नाही. इंधन जळत जातं, विमान हलकं होतं आणि पायरी पायरीनं वर जातं. माझ्या वहीत 30,000 नंतर 32,000, मग 34,000, अटलांटिकवर 36,000 आणि शेवटी 38,000 फूट अशी उंची आहे. बाहेरचं तापमान उणे 56. तपांबराचा माथा आणि स्थितांबराचा पायथा, जो मी फळ्यावर तुटक रेघेनं काढायचो, तिथून आम्ही चाललो होतो.

डावीकडच्या खिडकीत चंद्र होता. कोजागरीला दोन दिवस बाकी होते. साताऱ्यात तो पहाटे पाचच्या आत मावळला असता. इथे आम्हीही पश्चिमेला चाललेलो, त्यामुळे तो खाली जाईना. पाच-सहा तास तो जवळजवळ त्याच ठिकाणी राहिला, हळूहळू पिवळा होत गेला आणि युरोपवर कुठेतरी मावळला. आजूबाजूला सगळे झोपले होते. सौ.ला उठवून दाखवला. ती म्हणाली, "कोजागरी अशीच लांबली तर दूध किती आटवायचं?" आणि परत झोपली.

उजाडायचं नाव नव्हतं. सातला साताऱ्याच्या घड्याळानं गोळी झाली, बाहेर अंधार. दुपारचे बारा झाले, बाहेर अंधार. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते आणि आम्ही तासाला सरासरी साडेनऊ अंश पश्चिमेकडे सरकत होतो, म्हणजे सूर्य आम्हाला गाठत होता तो फक्त साडेपाच अंशांच्या चालीनं. अटलांटिकवर वेग 790 पर्यंत उतरला. समोरून ताशी शंभरावर किलोमीटरचा वारा असणार. तो आकडा मी दोनदा अधोरेखित केला आहे, कारण तिकिटावरचे वरचे दोन तास मला तिथे डोळ्यांनी दिसले.

न्यूफाउंडलँड जवळ आलं तेव्हा मागच्या बाजूला, पंखाच्या टोकापलीकडे, तांबूस रेघ उमटली. साधारण पहाट होते त्याच्या कितीतरी हळू ती वर चढत होती. तांबडं फुटलं ते सूर्याची कड दिसेपर्यंत तासाहून जास्त गेला. मुंबईला सूर्य मावळला त्यानंतर सुमारे एकवीस तासांनी तो पुन्हा दिसला. 22 डिसेंबरची सर्वांत मोठी रात्र मुलांना शिकवताना साताऱ्यापुरते तेरा तास मी सांगायचो. एकवीस तासांची रात्र मी ऑक्टोबरात पाहिली.

उतरून, तपासणी होऊन बाहेर आलो आणि मुलीनं मिठी मारली. एडिसनला घरात पाय ठेवला तेव्हा तिथे सकाळचे साडेअकरा वाजले होते. सौ.च्या उजव्या मनगटावर रात्रीचे नऊ. सातारा ते एडिसन, उंबरठा ते उंबरठा, साडेतीस तास. त्यातले हवेतले पंधरा-साडेपंधरा. म्हणजे 12,800 किलोमीटरला जेवढा वेळ, तेवढाच उरलेल्या तीनशे किलोमीटरला आणि रांगांना. कोणी वयस्कर माणसं पहिल्यांदा निघणार असतील तर त्यांना मी हा साडेतीसचा आकडा सांगतो, विमानाचा नाही. औषधं, खाणं, पाणी, गुडघे, सगळं त्यावर आखावं लागतं.

नातवाला दोऱ्याचं सगळं सांगितलं. त्याच्याकडे लहान पृथ्वीगोल आहे, आठ इंची. त्यावर दोरा कमी लागला तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, माझ्या ग्लोबवर सातारा जवळ आहे." मी त्याला परीघ मोजायला लावला आणि दोन्ही गोलांवरून उत्तर साडेबारा हजारच येतं हे त्याच्याच हातानं काढून घेतलं. सहा वर्षांच्या मुलाला भागाकार येत नाही, तो मी केला. मोजणं सगळं त्याचं.

परतीचा प्रवास फेब्रुवारी 2024 मध्ये. आता तिकडची घड्याळं मागे गेलेली, फरक साडेदहा तासांचा. विमान दुपारी 12:00 ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी 12:30 ला मुंबईत. शेजारच्या काकूंच्या पद्धतीनं साडेचोवीस तास, खरे चौदा. त्याच दोन गावांत, त्याच पृथ्वीवर, जाताना सोळा आणि येताना चौदा.

वहीतली त्या रात्रीची एक नोंद मी कितीदा तरी वाचली आहे: अटलांटिक, उंची 35,000, वेग 1,087. त्या उंचीच्या थंड हवेत आवाजाचा वेग ताशी 1,065 किलोमीटरच्या आसपास असतो. शेजारच्या तरुणानं पडदा पाहून विचारलं, "काका, आपण आवाजापेक्षा जोरात चाललोय?" त्याला कृष्णेची होडी सांगितली. पावसाळ्यात पाण्याबरोबर होडी सोडली की काठावरच्या माणसाला ती पळताना दिसते, पण वल्ही मारणाऱ्याला पाण्यात तेवढीच चाल असते. विमान हवेत ताशी नऊशेनंच चाललं होतं, हवा स्वतः आम्हाला उचलून नेत होती. 9 फेब्रुवारी 2020 ला याच समुद्रावर वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी तिथे सहा-साडेसहा तास लागतात. म्हणून अटलांटिकवरचे विमानांचे पट्टे दररोज नव्यानं आखतात, त्या दिवशी वारा कुठे वाहतो ते पाहून. जाणाऱ्यांना तो टाळायचा असतो, येणाऱ्यांना त्यात शिरायचं असतं.

ही रात्र आठ तासांत संपली. संध्याकाळ झाली तशी भरभर झाली, आणि झोप लागते न लागते तोच इराणवर ऊन.

मुंबईजवळ वीस-पंचवीस मिनिटं आधीच आलो. मग समुद्रावर घिरट्या घालत राहिलो. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि वरती रांग लागते. वाऱ्यानं मिळवून दिलेली मिनिटं तिथे गेली. खंबाटकी ओलांडून साताऱ्यात आलो तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते.

तो विद्यार्थी सापडला. आता कराडजवळच्या एका शाळेत स्वतः विज्ञान शिकवतो. फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, तो दोरा आणि वही घेऊन एकदा माझ्या वर्गात याल का?" जून महिन्यात गेलो. सौ.ही आली होती. मुलांनी दोरा ताणला, पट्टीवर ठेवला आणि ओरडून सांगितलं, साडेएकोणतीस.

तिच्या दोन्ही मनगटांवर अजून घड्याळं आहेत. डाव्याचं तिनं मुंबईत उतरल्यावर जुळवून घेतलं. उजव्याला आम्ही निघाल्यापासून हात लावलेला नव्हता, रोजची किल्ली तेवढी दिली होती. आता डावं साताऱ्याचं झालं, म्हणून जूनमध्ये त्या वर्गातच, मुलांना विचारून, तिनं उजवं साडेनऊ तास मागे केलं.